घरगुती राउटर आणि अनाहूत प्रवेश : दाराच्या जबाबदारीचा इतिहास

१

रविवार, दिनांक २७ नोव्हेंबर २०१६ रोजी दुपारनंतर जर्मनीतील लक्षावधी घरांतील इंटरनेट, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी एकाएकी बंद पडली. डॉइच टेलिकॉम या कंपनीच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांपैकी जवळजवळ नऊ लाख ग्राहकांना याची झळ पोचली. तारा तुटल्या नव्हत्या, वीजही गेली नव्हती. बिघाड होता तो ग्राहकांच्या घरी, भिंतीपाशी ठेवलेल्या एका लहानशा पेटीत. ही पेटी म्हणजे राउटर. घरातील सारी यंत्रे तिच्यामार्फतच बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली असतात. कंपनीने ग्राहकांस सांगितलेला पहिला उपाय अगदी साधा होता : राउटरची विजेची पिन काढावी, थोडा वेळ थांबावे आणि ती पुन्हा लावावी.

अशा घटनांचे वर्णन सामान्यतः चोरी किंवा दरोडा यांच्या भाषेत केले जाते. कोणी एक कुशल दुष्ट दुरून येतो, कुलूप फोडतो व आत शिरतो, असे चित्र वाचकांच्या मनात उभे राहते. परंतु घरगुती राउटरमध्ये परक्यांचा शिरकाव झाल्याच्या नोंदलेल्या घटना कालानुक्रमाने मांडून पाहिल्या, तर हे चित्र फारसे टिकत नाही. बहुतेक प्रसंगी दार फोडले गेलेले नाही. कोणीतरी, कोणत्यातरी रास्त सोयीसाठी, ते दार ठेवलेले होते. आणि ज्याच्या घरात ते होते, त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. दार कोणी ठेवले, ते बंद करणे कोणाच्या हाती होते, आणि ते उघडे राहिल्याचा दोष कोणाच्या माथी मारण्यात आला, हे तीन प्रश्न प्रत्येक घटनेला विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे प्रसंगपरत्वे निरनिराळी येतात. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘परवलीचा शब्द बदला’ हा एकच उपदेश सर्व प्रसंगी केला जातो, आणि तो पाळूनही घर असुरक्षित राहिले म्हणजे गृहस्थ गोंधळात पडतो. हा भेद स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

विषयाकडे वळण्यापूर्वी साधनांविषयी थोडे विवेचन करणे अवश्य आहे. या इतिहासाचे मूळ साधन म्हणजे ती पेटीच. पण ती आपली स्मृती जपत नाही. सन २०१६ मधील ‘मिराई’ हा उपद्रवी प्रोग्रॅम राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीतच वास करीत असे. पिन काढून पुन्हा लावली की तो नष्ट होई आणि त्याचबरोबर तो आला होता याचा पुरावाही नष्ट होई. म्हणजे ग्राहकास सांगितलेला उपाय आणि साधनांचा नाश या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत घडत.

यामुळे अभ्यासकास अन्य साधनांवर विसंबावे लागते. पहिले साधन म्हणजे उपद्रवी प्रोग्रॅमची संहिता. मिराईची संहिता सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस तिच्या कर्त्यानेच प्रसिद्ध केल्यामुळे हे साधन अस्सल स्वरूपात उपलब्ध आहे. दुसरे साधन न्यायालयांतील कबुलीजबाब व निकाल यांचे. तिसरे संशोधकांच्या टेहळणीचे. हे संशोधक आमिष म्हणून दुबळी यंत्रे जाळ्यावर ठेवतात व त्यांच्याकडे कोण फिरकते याची नोंद करतात. चौथे साधन कंपन्यांच्या निवेदनांचे. ते उपयुक्त असले तरी निवेदन करणारा स्वतःच पक्षकार असतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

पाचवे साधन विलक्षण आहे. सन २०१२ मध्ये एका अनामिक व्यक्तीने, ज्यांचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच होता किंवा मुळीच नव्हता अशा सुमारे ४ लाख २० हजार यंत्रांत प्रवेश केला आणि त्या परक्या यंत्रांकरवीच साऱ्या इंटरनेटची गणती करून तिचे निष्कर्ष मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. दुर्लक्षित यंत्रांची संख्या किती मोठी आहे, हे या गणतीमुळे उघड झाले. परंतु ती माहिती मिळविण्याचा मार्ग हाच मुळी अनाहूत प्रवेशाचा होता. असे साधन वापरताना त्याच्या उत्पत्तीचा उल्लेख करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय.

३

पहिले दार आतले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्रॉडबँड सेवा घरोघर पोचू लागली व एकाच जोडणीवर घरातील अनेक यंत्रे चालविण्याची गरज निर्माण झाली. राउटर घरात आला तो या गरजेपोटी. त्याची मांडणी करण्यासाठी त्यातच एक पान ठेवलेले असे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ठराविक पत्ता लिहिला की हे पान उघडे आणि ते नाव व परवलीचा शब्द, म्हणजे ज्यास आपण नित्याच्या व्यवहारात पासवर्ड म्हणतो तो, विचारी. हे दोन्ही कारखान्यातच ठरविलेले असत, आणि एका जातीच्या सर्व पेट्यांना बहुधा एकच जोडी दिलेली असे. कित्येक पेट्यांच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ हाच शब्द होता. ही जोडी माहितीपुस्तिकेत छापलेली असे आणि पुस्तिका कोणासही मिळत असे.

यास निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. पेटी विकणारा दुकानदार, दूरध्वनीवरून मदत करणारा कर्मचारी व प्रथमच असे यंत्र हाताळणारा गृहस्थ, या तिघांचीही सोय त्या एका शब्दाने होत होती. शिवाय हे पान घरातील यंत्रावरूनच उघडते, बाहेरच्यास ते दिसत नाही, अशी समजूत होती. घराच्या आतल्या खोलीस कुलूप कशाला, असा हा विचार होता.

या समजुतीस पहिला मोठा धक्का बसला तो डिसेंबर २००६ मध्ये. इंडियाना विद्यापीठातील सिड स्टॅम व मार्कस याकबसन आणि सिमॅन्टेक कंपनीतील झुल्फिकार रमझान यांनी असे दाखवून दिले की, बाहेरच्यास स्वतः आत येण्याची गरजच नाही. गृहस्थाने एखादे फसवे पान उघडले, तर त्या पानातील सूचना त्याचाच ब्राउझर पाळतो आणि राउटरच्या मांडणीच्या पानावर कारखान्याचा शब्द घालून बदल करतो. निरोप बाहेरचा असला तरी निरोप्या घरातलाच असतो.

हा बदल कोणता करावयाचा, हेही त्यांनी सांगितले होते. संकेतस्थळाचे नाव लिहिले असता त्याचा अंकी पत्ता सांगणारी जी यंत्रणा असते, तिला डीएनएस असे म्हणतात. राउटरमध्ये या यंत्रणेचा पत्ता बदलून तेथे लबाडाचा पत्ता घातला, तर गृहस्थ बँकेचे नाव अचूक लिहूनही भलत्याच ठिकाणी पोचतो. जानेवारी २००८ मध्ये मेक्सिकोत असा प्रकार प्रत्यक्ष घडल्याचे नोंदले गेले. सन २०११ व २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये त्याने प्रचंड स्वरूप धारण केले. तेथे सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेमांमधील हा पत्ता बदलला गेला आणि लोक बनावट पानांकडे वळविले गेले.

ब्राझीलच्या प्रकरणातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील मोडेमांच्या आज्ञावलीतच असा दोष होता की, परवलीचा शब्द बाहेरून काढून घेता येत असे. म्हणजे ज्या सावध गृहस्थाने कारखान्याचा शब्द बदलून स्वतःचा घातला होता, त्याचेही घर सुरक्षित नव्हते. सन २०१२ पर्यंतच्या पुराव्यावरूनच ‘परवलीचा शब्द बदला’ हा उपदेश आवश्यक खरा, पण पुरेसा नव्हे, असे म्हणावे लागते.

४

दुसरे दार बाहेरून उघडणारे. अनेक राउटरांत दुरून मांडणी करण्याची सोय दिलेली असे. आणि काहींत टेलनेट नावाची जुनी पद्धत चालू ठेवलेली असे, जिच्याद्वारे कोणीही दुरून यंत्रास आज्ञा देऊ शकतो. कारखान्यात चाचणी घेताना किंवा दुरुस्ती करताना ती उपयोगी पडत असे. चाचणी संपल्यावर ती बंद करावयास हवी होती. ती राहून गेली. सन २००९ च्या आरंभी घरगुती मोडेम व राउटर यांनाच लक्ष्य करून त्यांची फौज उभारणारा ‘सायबॉट’ नावाचा प्रोग्रॅम आढळून आला. या प्रकारच्या सर्वांत आधीच्या नोंदींत त्याची गणना करावयास हवी.

काही दारे तर विसरलेली नसून मुद्दामच ठेवलेली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रेग हेफ्नर या संशोधकाने एका नामांकित कंपनीच्या राउटरांची आज्ञावली तपासली असता असे आढळले की, ब्राउझरने स्वतःची ओळख म्हणून एक विशिष्ट अक्षरमाला सांगितली, तर राउटर परवलीचा शब्द न विचारताच मांडणीचे पान उघडून देतो. ती अक्षरमाला निरर्थक वाटत होती. परंतु उलट क्रमाने वाचली असता ‘जोएलने केलेले मागले दार’ अशा अर्थाचे शब्द तीत दिसले. अशा दाराविषयी गृहस्थास उपदेश तरी काय करावयाचा? जे कोणत्याही पानावर दिसत नाही, ते त्याने बंद कसे करावे?

या दुसऱ्या दाराचा सर्वांत मोठा उपयोग ऑगस्ट २०१६ पासून मिराईने केला. त्याच्या संहितेत नाव व परवलीचा शब्द यांच्या साठाहून अधिक जोड्या होत्या. तो जाळ्यावरील पत्ते वाटेल त्या क्रमाने घेई, तेथे टेलनेटचे दार असल्यास या जोड्यांतील किल्ल्या लावून पाही आणि एखादी लागली की आत शिरून ते दार आतून लावून घेई, जेणेकरून दुसरा कोणी प्रतिस्पर्धी येऊ नये. कॅमेरे, चित्रण साठविणाऱ्या पेट्या व राउटर मिळून सुमारे सहा लाख यंत्रे त्याच्या ताब्यात गेली होती, असे पुढे संशोधकांनी सिद्ध केले. दिनांक २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने डिन या अमेरिकी कंपनीच्या डीएनएस सेवेवर मारा केला व अनेक प्रख्यात संकेतस्थळे काही तास दुर्लभ झाली. मिराईच्या तिघा तरुण कर्त्यांनी पुढे अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

येथे एका मुद्द्याचा विचार केला पाहिजे. ब्राझीलमध्ये ज्याचा मोडेम बिघडविला गेला, त्याचेच पैसे जाण्याचे भय होते. मिराईच्या प्रसंगी तसे नव्हते. ज्याचा कॅमेरा वा राउटर या फौजेत सामील झाला होता त्यास काहीच जाणवत नव्हते. फार तर जोडणी थोडी मंद वाटली असेल. हानी झाली ती दूरच्या तिऱ्हाइताची. दुर्लक्ष एकाचे व तोटा दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तेथे केवळ उपदेशाने वर्तन बदलत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हे आपण अनेकदा पाहिले आहे. आपल्या अंगणातील साचलेल्या पाण्याचा डास शेजाऱ्यास चावतो, तेव्हा नगरपालिकेस नियम करावे लागतात.

५

तिसरे दार सेवा देणाऱ्या कंपनीचे. जर्मनीतील घटना समजण्यासाठी हेच दार पाहावे लागते. लक्षावधी घरांतील पेट्यांची देखभाल करावयाची, तर प्रत्येक घरी तंत्रज्ञ पाठविणे शक्य नाही. म्हणून मे २००४ मध्ये डीएसएल फोरम या संघटनेने ‘टीआर-०६९’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या योगे कंपनी आपल्या केंद्रातून ग्राहकाच्या राउटरची मांडणी करू शकते, दोष शोधू शकते व नवी आज्ञावली पाठवू शकते. या पद्धतीत एक दक्षताही होती. राउटर स्वतः कंपनीशी संपर्क साधतो. कंपनी केवळ त्याचे दार ठोठावून ‘माझ्याशी बोल’ एवढेच सांगते. परंतु ठोठावणे ऐकू यावे म्हणून दाराशी कोणीतरी कान देऊन बसावे लागते. बहुधा ७५४७ या क्रमांकाच्या पोर्टवर राउटर असा कान देऊन बसलेला असे, आणि ठोठावणारा कंपनीचाच माणूस आहे किंवा नाही, हे पाहण्याची तजवीज सर्वत्र नव्हती.

डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी या दाराशी निगडित असा एक गंभीर दोष जाहीर केला. निदान १ कोटी २० लाख यंत्रे त्या दोषाने ग्रस्त होती. मूळ आज्ञावलीत हा दोष सन २००२ मध्ये शिरला होता आणि ती रचणाऱ्या कंपनीने तो सन २००५ मध्येच दुरुस्तही केला होता. परंतु राउटर बनविणारे कारखाने जुनीच प्रत वापरीत राहिले. दुरुस्ती झाली होती, पण ती घरापर्यंत नऊ वर्षांत पोचली नव्हती. आज्ञावली रचणारा, चकती बनविणारा, पेटी जुळविणारा, ती भाड्याने देणारा व ती वापरणारा अशी पाच जणांची ही साखळी होती. प्रत्येक जण आपले काम पुढच्यावर सोपवीत गेला व शेवटच्या दुव्यास, म्हणजे गृहस्थास, काहीच ठाऊक नव्हते.

दिनांक ७ नोव्हेंबर २०१६ रोजी आयर्लंडमधील एका कंपनीने ग्राहकांस दिलेल्या मोडेमातील दोष प्रसिद्ध झाला. घड्याळाची वेळ लावून घेण्यासाठी ज्या सर्व्हरचे नाव लिहावयाचे, त्या जागी नावाऐवजी आज्ञा लिहिली तर मोडेम ती पाळत असे; आणि हा निरोप ७५४७ क्रमांकाच्या दारातून बाहेरूनही देता येत असे. वीस दिवसांच्या आत कोणीतरी हा मार्ग मिराईच्या संहितेस जोडला व जगभर या दारावर थापा पडू लागल्या.

जर्मनीत जे घडले त्याचे मर्म येथे आहे. डॉइच टेलिकॉमच्या ज्या राउटरांना झळ पोचली, त्यांत आयरिश मोडेमातील दोष नव्हता. उपद्रवी प्रोग्रॅम त्यांत शिरलाच नाही. परंतु दारावर इतक्या थापा पडल्या की ती यंत्रे गुदमरून बंद पडली. नऊ लाख घरांतील परवलीचे शब्द कितीही उत्तम असते, तरी त्या दिवशी त्यांचा काही उपयोग झाला नसता. उपाय कंपनीच्याच हाती होता. बाहेरच्या कोणाचाही निरोप त्या दारापर्यंत पोचू नये, अशी व्यवस्था तिला आपल्या जाळ्यातच करणे शक्य होते. कंपनीने लगोलग नवी आज्ञावली सिद्ध केली, आणि राउटर पुन्हा सुरू होताच ती त्यात दुरूनच बसविली गेली. तात्पर्य, ज्या सोयीने संकट आणले, तिच्याच जातीच्या सोयीने निवारणही केले.

फेब्रुवारी २०१७ मध्ये एका ब्रिटिश तरुणास लंडनजवळील लूटन विमानतळावर अटक झाली. जुलै २०१७ मध्ये कोलोन येथील न्यायालयाने त्यास एक वर्ष आठ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. लायबेरियातील एका दूरसंचार कंपनीच्या सांगण्यावरून तिच्या प्रतिस्पर्ध्यावर मारा करण्यासाठी आपण यंत्रांची फौज वाढवीत होतो, जर्मनीतील सेवा बंद पाडण्याचा आपला हेतू नव्हता, असे त्याने न्यायालयात सांगितले. पश्चिम आफ्रिकेतील दोन कंपन्यांची स्पर्धा, आयर्लंडमधील मोडेमातील दोष आणि जर्मनीतील घरांत मुका झालेला दूरध्वनी यांचा संबंध असा जुळतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. दिनांक १ ऑगस्ट २०१६ पासून, म्हणजे या घटनेच्या चार महिने आधी, जर्मनीत ग्राहकास स्वतःच्या पसंतीचा राउटर वापरण्याचा कायदेशीर हक्क मिळाला होता. तेव्हा पेटी कोणाची, हा वाद तेथे नुकताच होऊन गेला होता. जो पेटी निवडतो त्याने ती सांभाळावी, हे म्हणणे न्याय्य वाटते. परंतु कंपनीने दिलेल्या पेटीच्या बाबतीत हेच म्हणणे कंपनीस लागू पडते, हे नोव्हेंबरच्या त्या रविवारी दिसून आले.

भारतातही जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या काही ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम उपद्रवी प्रोग्रॅममुळे निकामी झाले, तेव्हा ज्यांनी कारखान्याचा शब्द बदललेला नाही त्यांनी तो बदलावा, असे ग्राहकांस आवाहन करण्यात आले. तो सल्ला योग्यच होता. परंतु ज्या ग्राहकास मोडेम बसवून देणाऱ्याने ते पान कधी उघडून दाखविलेच नाही, त्यास हा सल्ला वृत्तपत्रातून प्रथम कळावा, यात साऱ्या व्यवस्थेचे न्यून दिसते.

या तीन दारांखेरीज एक चौथीही वाट आहे. ‘यूपीएनपी’ नावाच्या पद्धतीने घरातील एखादे यंत्र, उदाहरणार्थ खेळाचे यंत्र वा कॅमेरा, राउटरला परस्पर सांगून बाहेरचे दार उघडवून घेऊ शकते. ही विनंती घरातूनच यावी अशी कल्पना होती. परंतु जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ कोटींहून अधिक पत्त्यांवरून या पद्धतीस बाहेरून प्रतिसाद मिळाल्याचे आढळले.

६

सन २०१६ पर्यंत सुरक्षिततेचा भार मुख्यतः गृहस्थाच्या दक्षतेवर टाकलेला होता. त्यानंतरच्या काळात हा भार हळूहळू निर्मात्याकडे व शासनाकडे सरकताना दिसतो. सप्टेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने एक कायदा संमत केला व तो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. जाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रास कारखान्यातच वेगळा परवलीचा शब्द द्यावा, किंवा प्रथम वापरापूर्वी नवा शब्द योजणे ग्राहकास भाग पाडावे, असे त्या कायद्याचे म्हणणे आहे. ब्रिटनचा सन २०२२ चा कायदा २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यात याच्या पुढचे पाऊल आढळते. निर्मात्याने दोष कळविण्याची जागा जाहीर करावी आणि यंत्रास सुधारित आज्ञावली किती काळ मिळत राहील, हेही सांगावे, असे बंधन त्यात आहे. युरोपीय संघाने सन २०२४ मध्ये याच दिशेने अधिक व्यापक नियम केले असून त्यांतील प्रमुख बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत.

जपानने वेगळा मार्ग धरला. तेथे खास कायद्यात दुरुस्ती करून एका शासकीय संशोधन संस्थेस असा अधिकार देण्यात आला की, तिने नागरिकांच्या यंत्रांना सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द लावून पाहावेत व ज्यांचे दार उघडेल त्यांना सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत सावध करावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाची अनुज्ञा घेऊन शासकीय यंत्रणेने शेकडो राउटरांतील उपद्रवी प्रोग्रॅम दुरूनच काढून टाकला. यांतील बहुसंख्य यंत्रे मुदत संपलेली होती, म्हणजे त्यांच्या निर्मात्यांनी सुधारित आज्ञावली देणे थांबविले होते.

या दोन्ही उपक्रमांचा हेतू स्तुत्य आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. टीआर-०६९ चे दारही स्तुत्य हेतूनेच ठेवले गेले होते. आपल्या घराच्या दारातून आता कंपनीबरोबरच शासनही, कायद्याच्या आधाराने का होईना, येऊ लागले आहे. त्याच्या येण्याची नोंद कोठे होते, ती गृहस्थास कळते काय व तो अधिकार केव्हा संपतो, हे प्रश्न विचारणे म्हणजे त्या उपक्रमांस विरोध करणे नव्हे.

७

वरील विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो तो असा : अनाहूत प्रवेशाची दारे एकाच जातीची नाहीत आणि म्हणून त्यांचे राखणदारही एक नाहीत. आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी सांगताना रामचंद्रपंत अमात्यांनी, गडास एकच दरवाजा असणे हा दोष मानला आहे. मात्र अनेक दरवाजे व चोरदिंड्या केल्यावर नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच चालू ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असेही बजावले आहे. राउटरच्या बाबतीत अडचण एवढीच की, येथे काही दिंड्या किल्लेदारास दाखविलेल्याच नसतात.

ज्या दिंड्या गृहस्थास दिसतात त्या त्याने अवश्य बंद कराव्यात. मांडणीच्या पानाचा परवलीचा शब्द बदलून दीर्घ व स्वतंत्र असा योजावा. दुरून मांडणी करण्याची सोय वापरात नसेल तर बंद करावी, आणि यूपीएनपीची गरज नसल्यास तेही बंद ठेवावे. आज्ञावली आपोआप सुधारली जाण्याची व्यवस्था असल्यास ती चालू करावी. डीएनएसचा पत्ता अधूनमधून पाहावा व तो अनोळखी वाटल्यास कंपनीकडे विचारणा करावी. शिरकावाचा संशय आल्यास नुसती पिन काढून लावण्यावर विसंबू नये. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘व्हीपीएनफिल्टर’ हा प्रोग्रॅम निदान ५४ देशांतील पाच लाख यंत्रांत शिरला होता व त्याचा मूळ भाग पिन काढल्यानेही नष्ट होत नव्हता. अशा वेळी यंत्र कारखान्यातील मूळ स्थितीस नेऊन, सुधारित आज्ञावली घालून, परवलीचा शब्द पुन्हा नव्याने योजावा लागतो. ज्या यंत्रास सुधारणा मिळणे बंद झाले आहे ते चालत असले तरी बदलावे.

परंतु कंपनीच्या दाराविषयी गृहस्थाचे कर्तव्य निराळे आहे. ते दार त्याने बंद करावयाचे नसून, त्याविषयी प्रश्न विचारावयाचे आहेत. आपल्या राउटरची देखभाल दुरून कोण करते, ते दार केवळ कंपनीच्याच केंद्रासाठी राखलेले आहे काय, आणि या पेटीस सुधारणा किती वर्षे मिळणार आहेत, ही विचारणा करण्याचा त्याचा हक्क आहे. कंपनीने व निर्मात्याने त्यांची उत्तरे दिली पाहिजेत. ब्रिटनमध्ये यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे आता कायद्यानेच बंधनकारक केले आहे.

सन २०१६ च्या त्या रविवारी नऊ लाख घरांतील माणसे सेवा कशामुळे बंद पडली हे न कळताच राउटरपाशी गेली असतील. त्यांच्याकडून काही चूक झाली नव्हती. तरी सेवा खंडित झाली ती त्यांची, आणि पिन काढून लावण्याचे कामही त्यांच्याच वाट्यास आले. ज्याच्या हाती दार बंद करणे नाही त्यास त्याचा जाब विचारू नये आणि ज्याच्या हाती ते आहे त्यास तो अवश्य विचारावा, हा न्याय पाळला जावयाचा, तर कोणते दार कोणी ठेवले, हे आधी सर्वांस ठाऊक असले पाहिजे. ते दाखवून देणे इतिहासाच्या कक्षेतील काम आहे, आणि त्या कामास अद्याप पुष्कळ वाव आहे.